तपशील

ताकसांडे साहेबांनी टेबलावर चार डबे मांडले.
एक होकायंत्र, एक जीपीएस, एक वारा मोजणारा पंखा,
आणि चौथा तो, ज्यानं माणसाऐवजी सुकाणू धरायचं.
"चौघं चार देशांचे, ताई. चार सालांचे.
एकमेकांशी बोलूनच नाही राहिले."

बर्डीत मे महिना. कूलरमध्ये बादली ओतून
मी स्क्रू काढायला घेतले.
आजवर टीव्ही उघडले, मिक्सर उघडले,
एकदा धंतोलीच्या एका डॉक्टरांचं ईसीजी मशीन.
शिडाची बोट पाहिली ती कॅलेंडरवर.
यांची मात्र खरी आहे. वाडीच्या प्लॉटवर,
टिनाच्या शेडखाली, सव्वीस फूट.
सहा वर्षं झाली. शेजारी अजून विचारतात,
एवढ्या जागेत घर काऊन नाही बांधलं.

पिवळी तार बोलते, हिरवी ऐकते.
चूक साधीच होती:
कुणीतरी पिवळीला पिवळी जोडली होती.
दोघं नुसते बोलत होते. कधीपासून, कोण जाणे.
पंखा तर आठपट घाईनं बोलायचा,
त्याला सेटिंगमध्ये जाऊन सावकाश केलं.

यांचं प्रत्येक वाक्य डॉलरच्या खुणेनं सुरू होतं,
शेवटी एक चांदणी, तिच्यामागे दोन अक्षरं.
ऐकणारा आपला हिशेब मांडून पाहतो.
जुळला नाही तर अख्खं वाक्य टाकून देतो.
भांडत नाही. पुन्हा विचारत नाही.
पुढचं येईलच, म्हणून थांबतो.
आमच्या घरी हा नियम लावला
तर जेवणं मुक्यानं होतील.

जीपीएसला स्लॅबखाली आकाश दिसेना.
रोशन अँटिना घेऊन गच्चीवर गेला, टाकीपाशी.
आकडे आले. एकवीस अंश, एकोणऐंशी अंश.
वेग शून्य.
दिशा मात्र भिरभिरत होती,
आता उत्तर, आता आग्नेय, आता नुसत्या रेघा.
मला वाटलं माझंच काही चुकलं.
"नाही," साहेब म्हणाले, "चालल्याशिवाय त्याला कळत नाही
आपण कुठं चाललो ते.
उभ्या उभ्या तोंड कुठं आहे, ते होकायंत्राला विचारायचं."
होकायंत्र अकरा अंश खोटं बोलत होतं.
त्याच्या मागं माझं लोखंडी कपाट,
कपाटात वीस वर्षांचे जळके ट्रान्सफॉर्मर.

कपाट सरकवलं. धूळ निघाली, एक हरवलेला मल्टिमीटर निघाला.

सुकाणू म्हणून पोछ्याचा दांडा बांधला.
साहेबांनी रत्नागिरीबाहेरच्या पाण्यातला एक ठिपका भरला.
चारशे बारा सागरी मैल. दोनशे तेहतीस अंश.
वाटेत वर्धा, यवतमाळ, परभणी.
यंत्रानं एकदा शिट्टी दिली आणि कबूल केलं.
मी होकायंत्र जरासं डावीकडे फिरवलं,
दांडा उजवीकडे सरकला. परत फिरवलं, परत आला.
पंख्यासमोर कूलर होताच. वारा: सात नॉट, ओला.

तेवढ्यात लाइन गेली.
कूलर थांबला. पंखा दोन गिरक्या घेऊन शून्यावर.
बाहेर सगळ्या गल्लीचे जनरेटर सुरू होईपर्यंत
दुकानात एकच आवाज होता:
बॅटरीवर, अंधारात, दांडा
केसभर इकडे, केसभर तिकडे.
साहेब खुर्चीत पुढे झुकून बसले होते,
हात गुडघ्यांवर, बोटं अर्धी मिटलेली,
जणू ते काही धरून होते आणि आत्ताच सोडलं.
मी बॅटरी लावली नाही. टॉर्चची, म्हणते मी.

बिलबुकात "तपशील" म्हणून एक रकाना आहे.
तिथं नेहमी कपॅसिटर, सोल्डर, फ्यूज लिहिते.
बराच वेळ पेन धरून शेवटी लिहिलं:
चार यंत्रांची ओळख करून दिली. रुपये सहाशे.
साहेबांनी वाचलं, घडी केली, चष्म्याच्या घरात ठेवलं.
डब्यावर मी चिकटपट्टी लावून दिली,
"लोखंडापासून लांब ठेवावे."

बोट अजून वाडीतच आहे.
ट्रेलर मिळतो, तर पुलाची उंची आडवी येते.

त्या रात्री दांडा सोडवून दुकान पुसायला घेतलं.
दाराकडे सरळ जायचं होतं.
तो थोडा नैर्ऋत्येला ओढत राहिला.